कोंबडीच्या डोळ्याची जखम आणि घरची शुश्रूषा

कोंबडीचा एक डोळा मिटलेला दिसला की घरात आधी औषधाची चौकशी सुरू होते. माझ्या मते त्याआधी हे ठरवायला हवे की डोळा दुखावला आहे, की कोंबडीच आजारी आहे. ह्या पावसाळ्यात गोव्यातील डिचोली तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, कवडी नावाची आमची कोंबडी उजवा डोळा घट्ट मिटून, मान तिरकी धरून उभी दिसली, तेव्हा तिला हातात घेण्यापूर्वी मी बाकीच्या कोंबड्या एकेक करून पाहिल्या. मार किंवा काडी सहसा एकाच डोळ्याला लागते आणि बाकीचा कळप धडधाकट असतो. उलट डोळ्यांत फेस दिसत असेल, नाकातून दुर्गंधीयुक्त पाणी येत असेल, डोळ्याखालचा भाग फुगला असेल किंवा रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येत असेल, तर तो श्वसनाचा रोग समजावा आणि डोळ्यात थेंब टाकत बसू नये. तुऱ्यावर व पापण्यांवर खपल्या असतील तर देवीचा संशय घ्यावा. हा रोग डासांमुळे पसरतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात डासांना तोटा नसतो. खुराड्यात वाकल्यावर आपल्याच डोळ्यांना झोंबत असेल, तर ओल्या विष्ठेतून उठणाऱ्या अमोनियाने सगळ्या कोंबड्यांचे डोळे हळूहळू भाजत असतात आणि तिथे खरा उपाय म्हणजे खुराडे कोरडे करणे. कवडीच्या बाबतीत यांतले काहीच नव्हते. ती दिवसभर माडाच्या सुक्या चुडतांच्या (झावळ्यांच्या) ढिगात उकरत असे, त्यामुळे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यातली काडी, लागला असावा असा माझा अंदाज झाला.

कोंबडीला जुन्या मऊ टॉवेलात गुंडाळताना पंख आत घ्यावेत, पण छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलूनच त्यांचा श्वास चालतो, म्हणून घट्ट धरलेली कोंबडी गुदमरू शकते. एकाने मांडीवर धरावे आणि दुसऱ्याने पाहावे. हात आधी आणि नंतरही साबणाने धुवावेत, कारण मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) विषाणू माणसाच्या डोळ्यांनाही लाली आणतो.

कोंबडीला तिसरी पापणी असते. ती नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातून आडवी सरकते आणि दुधाळ, काहीशी पारदर्शक दिसते. दुखऱ्या डोळ्यावर ती अर्धी पसरून राहते. तेवढ्यावरून डोळ्यात फूल पडले असे समजून पुष्कळजण आशा सोडतात. मी ओल्या कापसाने चिकटलेला मळ भिजवून पुसला आणि खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढली, तेव्हा त्याच कोपऱ्यात, तिसऱ्या पापणीच्या कडेखाली, हिराचा केसाएवढा तपकिरी तुकडा आडवा पडलेला दिसला. पापणी हलली की तो बुबुळावरून घासत होता आणि घासल्या जागी एक अंधुक पांढुरकी रेघ उमटली होती. डोळ्याने दिसते की नाही हे बॅटरीचा झोत मारून ठरवू नये; पक्ष्यांना आपली बाहुली इच्छेनुसार लहानमोठी करता येत असल्यामुळे त्या परीक्षेवर विसंबता येत नाही. त्यापेक्षा चांगला डोळा झाकावा आणि दुखऱ्या बाजूने बोट सावकाश जवळ आणून ती मान मागे घेते का ते पाहावे.

ह्यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम धुण्याचे आहे. औषधांच्या दुकानात नॉर्मल सलाईनची बाटली मिळते. ती नसल्यास अर्धा लिटर पाणी खळखळून उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा, साधे मीठ विरघळवावे. हे पाणी रोज नवे करावे. सुई काढलेल्या सिरिंजने, नाकाच्या कोपऱ्याकडून बाहेरच्या बाजूला, सावकाश धार सोडावी आणि डोके किंचित खाली कलते ठेवावे, म्हणजे पाणी नाकपुडीत शिरत नाही. तो तुकडा अशा धारेबरोबर वाहून आला. सुटी काडी अशी निघते. बुबुळात रुतलेली मात्र घरी कधीही ओढू नये, तशीच ठेवून कोंबडीला दवाखान्यात न्यावे.

शेजारच्या काकी मायेने हळद उगाळून घेऊन आल्या. ‘बाय, आमच्या आईने हेच लावले होते,’ असे त्या म्हणाल्या. काकींना मी हळद तुऱ्यावरच्या ओरखड्यासाठी ठेवून घेते असे सांगितले, कारण डोळ्यात हळदीचे कण हिराइतकेच घासतात. लिंबू, मध, तुळशीचा रस ह्यांचेही तसेच; सोललेल्या बुबुळावर त्यांनी आगच होते.

त्याहूनही मोठा धोका घरातल्या कपाटात असतो. माणसांसाठी आणलेल्या डोळ्यांच्या थेंबांत प्रतिजैविकाबरोबर पुष्कळदा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिसळलेले असते. लाली त्याने लगेच उतरते, म्हणून लोकांना ते गुणकारी वाटते. पण बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइड ती भरू देत नाही, जंतूंना मोकळे रान मिळते आणि बुबुळ आरपार फुटूही शकते. बाटलीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय एक थेंबही टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. क्लोरॅम्फेनिकॉल असलेले मलमही नको, कारण अंडी व मांस देणाऱ्या प्राण्यांसाठी त्यावर आपल्या देशात बंदी आहे. आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी कवडीच्या डोळ्यात रंगद्रव्य टाकून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा ती रेघ हिरवी चमकली. म्हणजे वरचा थर सोलला होता, पण ओरखडा खोलवर गेला नव्हता. त्यांनी स्टेरॉइडविरहित प्रतिजैविक मलम दिले. तांदळाच्या दाण्याएवढे मलम खालच्या पापणीच्या आत ठेवून डोळा मिटू द्यायचा, एवढेच ते काम. नळीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. डोळ्यातले औषध अश्रुनलिकेतून टाळूच्या फटीपर्यंत उतरते, म्हणून कोंबडी थोडी चोच चाटते. त्याने घाबरण्याचे कारण नाही.

दुखावलेल्या कोंबडीला कळपात सोडले तर बाकीच्या कोंबड्या लाल दिसणाऱ्या जागीच टोचत राहतात. मी कवडीला पडवीत, सावलीत, डालग्याखाली ठेवले. इतर कोंबड्या तिला दिसत होत्या, पण पोचत नव्हत्या. अजिबात नजरेआड केलेली कोंबडी पुन्हा कळपात सोडताना नवखी ठरते आणि मार खाते. खाली भुसा न घालता जुने गोणपाट घालावे, कारण भुशाची धूळ डोळ्यात जाते. पाण्याचे पसरट भांडे चांगल्या डोळ्याच्या बाजूला ठेवावे. एका डोळ्याने तिला अंतर नीट कळत नाही आणि दाणा टिपताना चोच चुकते, म्हणून उकड्या तांदळाचा मऊ भात कोंड्यात कालवून दिला की ती पोटभर खाते. मी शेवग्याचा पाला आणि तांबडी भाजी बारीक चिरून त्यात घालत असे. डोळ्याच्या त्वचेला अ जीवनसत्त्व लागते आणि ह्या पाल्यात ते मिळते. रात्री गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून पाहावी. ती रिकामी लागली तर डोळा बरा दिसत असला तरी कोंबडी बरी नाही.

वरवरची रेघ साधारणपणे आठवड्याच्या आत भरते. मात्र बुबुळ निळसर-पांढरे होत गेले, डोळ्यात रक्त साचले, पिवळट घट्ट पू येऊ लागला, डोळा खोल गेला किंवा बाहेर आला, अथवा दोन दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर घरचे उपचार थांबवून तिला टोपलीत घालून डॉक्टरांकडे न्यावे. दोनशे-तीनशे रुपयांच्या कोंबडीसाठी एवढे कशाला, असे म्हणणारे भेटतात. मला तो हिशेब पटत नाही; जे जनावर आपण दारात ठेवले, त्याचे दुखणे आपल्याकडेच येते. डोळा गेलाच तरी कोंबडी एका डोळ्याने चांगली जगते, फक्त तिला आंधळ्या बाजूने अचानक उचलू नये आणि भांड्यांच्या जागा बदलू नयेत.

मलम चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारून घ्यावे, कारण ते औषधागणिक बदलते. तोवरची अंडी शेजारी देऊ नयेत आणि बाजारात गावठी म्हणून विकूही नयेत.