तेरवीची ऑर्डर

माझं घर पुस्तकांवर चालतं. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहतो. वावर आहे, पण ते भावाला मक्त्यानं दिलंय. मुलीची फी, किराणा, आईची औषधं हे सगळं मी स्वतः छापलेल्या पाच पुस्तकांतून निघतं. लोकांना हे पटत नाही, म्हणून आधी हिशेब सांगतो.

सालदाराच्या, म्हणजे मालकाकडे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याच्या, आयुष्यावरची माझी कादंबरी १७६ पानांची, किंमत २०० रुपये. हजार प्रती छापल्या तेव्हा कागद, छपाई, बांधणी धरून प्रत ६२ रुपयांना पडली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. त्याचेही पैसे घेणारे भेटतात, म्हणून नवीन माणसाला हे आवर्जून सांगतो. विक्रेता निम्मी किंमत कापून घेतो, म्हणजे छपाईचा खर्च जाता माझ्याकडे ३८ रुपये येतात, तेही वर्षभरानं, आले तर. वाचकानं थेट मागवलं तर छपाई आणि टपाल वजा जाता शंभराच्या आसपास उरतात. त्यामुळे टपालाचा दर म्हणजे आमच्या घरी सोयाबीनच्या भावासारखा विषय. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांची जुनी सवलतीची रजिस्टर्ड सेवा बंद झाली, तेव्हा माझी झोप उडाली होती. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून, तेव्हा कुठं जिवात जीव आला. विक्रीचा हंगामही शेतीचाच. दिवाळीपासून होळीपर्यंत पुस्तकं जातात, पेरणीच्या दिवसांत कोणी विचारत नाही.

तर नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळी पाकिटांवर पत्ते लिहीत बसलो होतो, फोन आला.

"भाऊ, तुमचं सालदाराचं पुस्तक पायजे. दीडशे."

एवढी संख्या म्हटल्यावर मला शाळाच वाटली. "कोणती शाळा?"

"शाळा नाही जी. परवा बाबाची तेरवी हाये."

आमच्याकडे तेरवीला आलेल्यांना स्टीलचा डबा नाहीतर गंज, म्हणजे पातेलं, देतात, वर गेलेल्याचं नाव कोरून. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची गावं आहेत तिथं ग्रामगीता वाटलेलीही पाहिली आहे. पण कादंबरी? तो मुलगा वायरमन होता, सरळ बोलणारा. म्हणाला, "डबा सव्वाशेले पडते. तितक्यात बसवा." मी हो म्हटलं. एका प्रतीमागे ६३ रुपये, रोख, आणि एकदम दीडशे घरांत पुस्तक. याहून चांगला सौदा मला कोणत्या दुकानानं दिला नव्हता.

अडचण एकच. घरात साठेक प्रती होत्या. छपाई, बांधणी दोन दिवसांत होत नाही. शंभर प्रती जिल्ह्याच्या ठिकाणी एका विक्रेत्याकडे दोन वर्षांपासून होत्या. हिशेब मागितला की "ग्रंथालयांचं अनुदान येऊ द्या, जातीलच" हे ठरलेलं उत्तर. तडक एसटीनं तिथं गेलो आणि पुस्तकं परत मागितली. गोदामात भिंतीला लागून माझे चार गठ्ठे जसेच्या तसे पडले होते. सुतळीची गाठसुद्धा माझ्याच हातची. एकही गठ्ठा सुटला नव्हता. खालच्या गठ्ठ्याला ओल लागली होती, त्यातल्या आठ प्रतींची कव्हरं एकमेकांना चिकटलेली. मला संताप आला. पुस्तक विकलं जात नाही हे मी समजू शकतो, पण त्याला बाहेरची हवाच लागू द्यायची नाही आणि लेखकाला दोन वर्षं आशेवर ठेवायचं, हे चुकीचं आहे. पोचपावती लिहून दिली, ब्याण्णव प्रती घेतल्या, निघालो.

संध्याकाळी सगळी पुस्तकं घेऊन वायरमनच्या गावी पोचलो. पहिल्या पानावर वडिलांच्या नावाची चिठ्ठी लावायची होती. मजकूर ठरवायला ओसरीवर बसलो आणि तिथं वाद पेटला. मुलाला नावाखाली 'बावीस वर्षे सालदार' असं हवं होतं. थोरले काका उखडले. "मेलेल्या माणसाच्या नावाखाली चाकरी लिवता? पाहुणे काय म्हणतीन? शेतकरी लिवा. तीन एकर घेतलं होतं त्यानं."

मी बोललो नाही. तो माझा अधिकार नव्हता. मुलगा आत गेला आणि वडिलांची प्रत घेऊन आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वं साहित्य संमेलन झालं, तिथं माझ्याच टेबलावरून त्यांनी ती घेतली होती. मला त्यांचा चेहरा आठवेना. कव्हरला वर्तमानपत्र घातलेलं. आत समासात, सुताराकडे असते तशा जाड पेन्सिलीनं, ठिकठिकाणी लिहिलेलं. ज्या प्रकरणात नायक पाडव्याला नव्या मालकाकडे साल ठरवतो, तिथं त्यांनी आपल्या मालकांची नावं क्रमानं लिहिली होती. ज्वारी मोजून देण्याच्या प्रसंगाशेजारी होतं: 'मले २ पायल्या कमी देल्ल्या. १९७२.' दुष्काळाचं साल. एका पानावर फक्त बैलाचं नाव. जागा कमी पडली तिथं अक्षरं बारीक होत पानाच्या कडेपर्यंत गेली होती.

काकांनी चष्मा लावला. मालकांची नावं मोठ्यानं वाचली. दोन पायल्यांपाशी आले आणि म्हणाले, "त्या साली मीबी तिथंच होतो. मलेबी कमीच भेटली." मग पुस्तक मुलाच्या हातात देत म्हणाले, "लिवा सालदार. बावीस नाही, चोवीस. पहिले दोन सालं त्यानं माह्यासंगं काढले, ते धरा."

भाच्यानं मोटारसायकलवर जाऊन तालुक्याहून चिठ्ठ्या छापून आणल्या. मैद्याची खळ करून रात्री सगळ्या घरानं मिळून त्या चिकटवल्या. मी घरी निघायच्या आधीच मुलानं १८,७५० रुपये खाटेवर मोजून दिले. त्यातून प्रेसची जुनी उधारी फिटली.

तेरवीनंतर फोन येऊ लागले. बहुतेक म्हातारी माणसं किंवा त्यांची नातवंडं. कोणी प्रती मागायचं, कोणी नुसतं आपल्या मालकाचं नाव सांगायचं. आठवडाभरात आणखी तेराशे रुपयांची पुस्तकं टपालानं गेली. त्या विक्रेत्याकडे मी आता नवीन माल टाकत नाही.

दुसऱ्या आवृत्तीची पानं परवा प्रेसला दिली. अक्षर १२ पॉइंटचं १४ केलं आणि बाहेरचा समास बोटभर वाढवायला सांगितला. प्रेसवाला म्हणाला, पानं दोनशेच्या वर जातील, प्रत ७५ ला पडेल. पडू दे म्हटलं. किंमत २०० च ठेवतोय.