सोळाचा हिशेब

आमच्या दिवाणात पूर्वी पाहुण्यांच्या गाद्या असायच्या. आता तिथे माझी कादंबरी असते. ३०० प्रती छापल्या, त्यातल्या १८० अजून आतच आहेत. मुक्कामाला कोणी आलं की सासूबाई सतरंजी झटकत म्हणतात, "गाद्या माळ्यावर गेल्यात हो, खाली साहित्य आहे."

दोन प्रकाशकांनी हस्तलिखित वर्षवर्ष ठेवून घेतलं, तिसऱ्याने निदान 'साभार परत' तरी कळवलं. मग म्हटलं, आपणच छापू. आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाला, पैसे पडत नाहीत, अर्ज घरबसल्या करता येतो. 'प्रकाशक' या रकान्यात स्वतःचं नाव भरताना मान जरा ताठच झाली. मधली माणसं गेली की त्यांची कामं आपल्या गळ्यात पडतात, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! १९५४चा कायदा म्हणतो, प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीला एकेक, तीही स्वखर्चाने. पाठवल्या. आमच्या सोसायटीत अजून कोणी वाचलेली नाही, पण कोलकात्यात एक प्रत आहे.

पहाटे पाच ते साडेसहा, म्हणजे डब्याच्या पोळ्यांना लागेपर्यंत, माझी लिहायची वेळ. गेल्या वर्षी ती सगळी प्रुफांत गेली. मी युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर डीटीपीवाल्याने त्याच्या फॉन्टमध्ये फिरवला आणि एकूण एक 'ऱ्या' बिघडला. महाबळेश्वरला कठड्याशी उभा राहून दऱ्या बघणारा माझा नायक प्रुफात 'दर्या' बघू लागला. तीनदा दुरुस्त केला, तरी एका ठिकाणी तो अजून समुद्राकडेच बघतोय.

पण खरा संपादक मला भेटला तो छापखान्यात. काकांनी पानं मोजली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "१६३ झालीत. मोठा कागद छापून घडी घातली की एक फॉर्म, तो १६ पानांचा असतो, ताई. दहा फॉर्म म्हणजे १६०. तीन पानं काढा."

"नाही काढली तर?"

"अर्धा फॉर्म वाढवू. खर्च वाढेल आणि मागे पाच पानं कोरी राहतील. लोक किराणा लिहितील त्यावर."

कादंबरीत मिरजेहून एक आत्या येते. अडीच पानं बसते, चहा पिते, नायिकेला एक पितळी डबा देते आणि जाते. माझ्या मैत्रिणीने पहिल्याच वाचनात विचारलं होतं, "ही बाई कशाला?" त्यावर मी तिला अर्धा तास सुनावलं होतं. आत्या म्हणजे कथेचा श्वास आहे, असलं काहीतरी. तोच श्वास मी त्या रात्री काकांच्या हिशेबापायी थांबवला. उरलेलं अर्धं पान अर्पणपत्रिकेतून निघालं; नवऱ्याचे आभार एका ओळीत बसवले. तो काही बोलला नाही, पण त्याने ते मोजलंय.

श्रेयनामावलीच्या पानावर प्रकाशक म्हणून माझाच मोबाइल नंबर आहे. दुकानदार फोन करतात, "प्रकाशक आहेत का?" मी आवाज जरा जड करून "बोलतेय" म्हणते. मग त्यांच्या ४० टक्के कमिशनवरून घासाघीस होते, आणि संध्याकाळी मी खाकी कागद, सेलोटेप आणि मार्कर घेऊन जमिनीवर बसते. हल्ली माझ्या हातून कथेपेक्षा पिनकोडच जास्त लिहून होतात.

परवा कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला फोन वाजला. लातूरहून एक निवृत्त शिक्षक बोलत होते. पुस्तक दोनदा वाचलं म्हणाले. मी गॅस बंद करून खुर्ची ओढली.

"एकच शंका आहे. शेवटच्या प्रकरणात ती पितळी डबा उराशी धरून रडते. तो डबा तिला दिला कोणी?"

"आत्याने," मी म्हटलं.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ.

"कुठल्या आत्याने?"