बहात्तर टंचाचे धरण

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका ओळखीच्या सराफाच्या पेढीवर दुपारच्या वेळी जाऊन बसण्याची मला जुनी खोड आहे. त्या वेळी गिऱ्हाईक तुरळक असते आणि चहा हटकून मिळतो. परवा त्याच्या मोडीच्या ताटलीत, तुटलेल्या पैंजणांच्या आणि एका चेपलेल्या अत्तरदाणीच्या शेजारी, आपल्या रुपयापेक्षा बरेच मोठे असे एक परदेशी नाणे पडलेले दिसले. आखातात नोकरी करून परतलेल्या कोणाच्या तरी घरातून ते आले असावे. "बहात्तर टंच, बाकी तांबं," एवढाच सराफाचा त्यावरचा अभिप्राय होता; म्हणजे शंभरात बहात्तर भाग चांदी. मी चष्मा पुसून निरखले, तर नाण्यावर चक्क धरण होते.

ते इजिप्तचे आस्वान. १४ मे १९६४ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांच्या उपस्थितीत नाईल नदीचा प्रवाह वळवण्यात आला, त्या प्रसंगाची ही चांदीची नाणी. हिजरी १३८४ आणि इसवी १९६४ अशी दोन्ही साले त्यांवर अरबी आकड्यांत आहेत. धरण मात्र पुरे झाले १९७० मध्ये. हे म्हणजे डोहाळजेवणातच बारशाचे पेढे वाटण्यासारखे झाले. पण राज्यकर्त्यांना एवढा धीर कुठला असायला! सुमारे पावणेचार किलोमीटर लांब आणि १११ मीटर उंच असे ते प्रकरण, आणि ते सगळे माझ्या तळहातावर मावले होते. अबू सिंबेलची देवळे कापून, उचलून वर नेऊन पुन्हा रचण्याइतका खटाटोप जगाने त्या पाण्यासाठी केला. नाईलकाठच्या न्यूबिया प्रदेशातली गावे मात्र पाण्याखाली गेली ती गेलीच, आणि नाण्यावर त्यांना जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. धरणग्रस्त म्हणजे काय हे कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही, म्हणून याविषयी अधिक लिहीत नाही.

नाणे हातात आले की मी आधी त्याच्या कडेवरून नख फिरवतो. ही सवय माझ्या काकांची. ते उद्यमनगरात डायमेकर, म्हणजे धातूकामाचे साचे घडवणारे, होते आणि घरात कोणी नवे नाणे आणले, की आम्ही पोरे त्यावरच्या चित्रासाठी झोंबत असताना ते शांतपणे म्हणत, "चित्र काय बघतोयस, कड बघ की." मग बनियनला नाणे पुसून, खिडकीच्या उजेडात तिरके धरून, ते कडेच्या रेघा सगळीकडे सारख्या उठल्या आहेत का ते पाहत. एका बाजूला चित्र फार उठावाचे केले, की दुसऱ्या बाजूला नेमक्या त्याच जागी धातू कमी पडतो आणि अक्षरे पुसट उमटतात, हे त्यांनी मला एका जुन्या रुपयावर बोट ठेवून दाखवले होते. देशाचा मानबिंदू वगैरे गोष्टी त्यांच्या हिशेबी नव्हत्या. "डाय दमली आहे," असे म्हणून ते नाणे परत देत. आस्वानचे नाणे त्यांच्या कसोटीला कितपत उतरले असते कोण जाणे. मुळात धरण हा नाण्याला फारसा मानवणारा विषय नव्हेच. एक आडवी रेघ, तिच्या अलीकडे आणि पलीकडे पाणी, यापलीकडे कारागिराने दाखवायचे तरी काय?

त्यापेक्षा आपल्या रेल्वेचे नाणे मला आवडते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिला दीडशे वर्षे झाली म्हणून २००३ मध्ये दोन रुपयांचे अकरा कोनी नाणे निघाले, आणि त्यावर इंजिनाऐवजी गार्डच्या वेषातला, हातात कंदील घेतलेला, रेल्वेचा शुभंकर भोलू हत्ती आला. हे नाणे केएमटीच्या, म्हणजे आमच्या शहर बसच्या, कंडक्टरने सुट्ट्यात दिलेले आहे, त्याने मी कोथिंबीर घेतलेली आहे, आणि माझ्या लेखी स्मारक नाण्याची खरी परीक्षा तीच आहे. मखमलीच्या पेटीत बसून राहणारी, किंमत शंभर लिहिलेली आणि हजारोंना विकली जाणारी नाणी मला दिखाऊ पाहुण्यांसारखी वाटतात. अर्थात कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्येच आली. वैभववाडीमार्गे कोकणात उतरणारी गाडी मात्र अजून कागदावरच आहे, त्यामुळे भोलूच्या कंदिलाकडे आम्ही जरा संशयानेच पाहतो.

अमेरिकेत १९३६ साली सॅन फ्रान्सिस्को ते ओकलंड हा बे ब्रिज खुला झाला, तेव्हा एका बाजूला अस्वल आणि दुसऱ्या बाजूला पूल असलेले अर्ध्या डॉलरचे नाणे काढून ते दीड डॉलरला विकले, तेही पुलाच्या नाक्यावर, गाडीतून न उतरता घेता येईल अशा सोयीने. आम्ही कोल्हापूरकरांनी शहराच्या रस्त्यांवरचा टोल आंदोलन करून घालवला. इथे नाक्यावर तिप्पट भावाने नाणे विकायला जो बसेल, त्याच्या धाडसाचेच स्मारक करावे लागेल.

राधानगरीचे नाणे निघायला हवे, असे मात्र मला मनापासून वाटते. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर हे काम हाती घेतले, १९२२ मध्ये महाराज गेले, आणि धरण पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडले. तिथे बटण दाबायला कोणी पाहुणा लागत नाही, कारण पाणी ठरावीक पातळीला पोचले की दरवाजे आपोआप उघडतात, आणि मग कितवा दरवाजा उघडला याची बातमी पाण्याच्या आधी शहरात पोचते. हे मी सराफाला सांगितले, तर त्याने चहाचा कप खाली ठेवून विचारले, "दरवाजे उघडे दाखवायचे की बंद?" उघडे दाखवले तर पुराचे पाणी सोसणाऱ्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना ते नाणे खिशात बाळगवणार नाही, आणि बंद दाखवले तर ते धरण राधानगरीचे आहे, हे कोल्हापुरात कोणी मान्य करणार नाही.