देनालीच्या बसमधून आई-बाबांसोबत

अलास्कातील देनाली राष्ट्रीय उद्यानात आपली गाडी घेऊन फक्त पहिल्या 24 किलोमीटरपर्यंत जाता येते, हे मला तिथे जाण्याचे ठरल्यावर कळले आणि सुरुवातीला ते मुळीच आवडले नाही. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते, बाबांचे गुडघे दुखतात, आणि आपल्या सोयीने थांबत जाता यावे म्हणून मी अँकरेजहून मोठी गाडी भाड्याने घेतली होती. सॅव्हेज नदीच्या पुलापुढे उन्हाळ्यात खासगी वाहनांना बंदी असते. 1971 साली अँकरेज आणि फेअरबँक्स यांना जोडणारा महामार्ग तयार झाल्यावर गाड्यांची रीघ लागेल, हे ओळखून उद्यानाने 1972 पासूनच पुढच्या रस्त्यावर बसगाड्या सुरू केल्या. रस्ता एकूण 148 किलोमीटरचा, बहुतेक कच्चा आणि घाटात अरुंद आहे.

बसचे दोन प्रकार आहेत आणि माझा सगळा गोंधळ तिथेच झाला. तपकिरी रंगाच्या टूर बसमध्ये चालक सतत माहिती सांगतो, थोडा खाऊ मिळतो, पण ज्या बसने गेलो तिनेच परत यावे लागते. हिरव्या ट्रान्झिट बसचे तिकीट बरेच स्वस्त असते, वाटेत कुठेही उतरता येते आणि जागा असेल तर मागून येणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये चढता येते. मी ट्रान्झिट निवडली. पैसे वाचतात हे एक कारण होतेच, पण पाच तास एकाच आसनावर बसणे बाबांना झेपणार नाही, हे त्याहून मोठे कारण होते. 2024 च्या ऑगस्टअखेरची सकाळची आसने मला काही महिने आधी मिळाली. प्रवेशशुल्क माणशी 15 डॉलर वेगळे भरावे लागले.

आणखी एक गोष्ट तिकीट काढताना नीट वाचावी. आम्ही गेलो तेव्हा, 2021 च्या ऑगस्टपासून, रस्ता मध्येच बंद होता. डोंगराच्या पोटातली बर्फमिश्रित गोठलेली जमीन वितळू लागल्याने प्रिटी रॉक्स येथे रस्त्याचा एक पट्टा खाली घसरत गेला, आणि तिथे पूल बांधण्याचे काम चालू होते. त्यामुळे आमची बस 69 व्या किलोमीटरवर, ईस्ट फोर्क नदीच्या पुलापाशी वळून परत येणार होती. जुनी प्रवासवर्णने वाचून रस्त्याच्या शेवटाजवळच्या वंडर लेक तळ्यापर्यंत जाण्याची स्वप्ने मी पाहिली होती, ती सोडून द्यावी लागली.

बस म्हणजे शाळेची बस असते तशीच साधी, आत स्वच्छतागृह नाही. आगारापुढे खाण्याची कसलीही विक्री नसल्यामुळे आईने अँकरेजच्या मुक्कामात केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही बरोबर घेतली होती. निघतानाच चालकबाईंनी सांगितले की, प्राणी दिसला की मोठ्याने ‘थांबा’ म्हणा आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगा. बस थांबली की मात्र आवाज बंद, आणि हात खिडकीच्या आत. ताडोब्यात एका जिप्सीला वाघ दिसला की बाकीच्या कशा धावत सुटतात, हे बाबांनी पाहिलेले होते. इथे बस आपल्याच संथ चालीने जाते आणि चाळीस-पन्नास माणसांचे डोळे एकाच वेळी दोन्ही उतार धुंडाळत असतात. इतक्या डोळ्यांपुढे आपली एकटी गाडी कशी पुरली असती, असे मला पहिल्या तासातच वाटू लागले.

पहिली मूस (तिकडचे सगळ्यात मोठे हरीण) मादी विलोच्या झुडपांत मान घालून चरत होती; ती आमच्या मागच्या आसनावरच्या मुलाने पाहिली. टेक्लानिका येथे थांबून पुढे निघाल्यावर झाडे विरळ होत गेली आणि लालबुंद झालेला टुंड्रा सुरू झाला. तिथे नर कॅरिबू, म्हणजे उत्तरेकडचे रेनडिअर हरीण, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर उभा होता, शिंगांवरची मखमली कातडी फाटून चिंध्यांसारखी लोंबत होती. कॅरिबूंमध्ये मादीलाही शिंगे असतात, हे ऐकून आईला विशेष आश्चर्य वाटले. सेबल पास या खिंडीत अस्वलांमुळे पायी उतरायला मनाई आहे, आणि ती का, हे लगेच दिसले. फिकट सोनेरी रंगाचे ग्रिझली दोन पिल्लांसह उतारावर बेरी खात होते. बस तब्बल वीस मिनिटे थांबली आणि त्या वेळात कोणी साधे खोकलेही नाही. लांडगा दिसला नाही. देनाली शिखरही दिवसभर ढगात राहिले. तीन पर्यटकांपैकी साधारण एकालाच ते दिसते म्हणतात, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

परतताना इग्लू डोंगराजवळ आम्ही तिघे उतरलो. अस्वलापासून किमान 275 मीटर दूर राहावे आणि चालताना आवाज करत राहावे, म्हणजे त्याला अचानक दचकायला होत नाही, असा नियम असल्याने बाबांनी मोठ्याने हरिपाठ सुरू केला. नदीच्या गोट्यांवरून पाऊण तास फिरून आम्ही रस्त्याला लागलो. पहिल्या बसमध्ये एकच जागा होती, दुसरी पूर्ण भरलेली. त्यात वारा सुटला. मी मनातल्या मनात तिघांना एकत्र उतरवल्याबद्दल स्वतःला बोल लावत होतो, कारण तीन रिकाम्या जागा मिळणे अवघड असते, हे आगारातच सांगितले होते.

“अरे, ते पांढरे दगड हलतायत बघ,” बाबा दुर्बीण न काढता म्हणाले.

ते दगड नव्हते. कड्यावर नऊ डॉल मेंढ्या, म्हणजे तिथल्या पांढऱ्या रानमेंढ्या, होत्या. या मेंढ्यांची बेसुमार शिकार थांबावी म्हणून निसर्गअभ्यासक चार्ल्स शेल्डन यांनी चिकाटीने प्रयत्न केले आणि 1917 साली हे उद्यान झाले. आईने डब्यातली शेवटची दशमी तिघांत वाटली आणि चटणीचा कण खाली पडू नये म्हणून पिशवी पुढ्यात धरली. मेंढ्या कड्यामागे जाईपर्यंत आम्ही बघत उभे होतो. चाळीस मिनिटांनी आलेल्या तिसऱ्या बसच्या चालकाने खिडकीतून तीन बोटे दाखवली आणि आम्ही चढलो.