सोसायटीत कंपोस्टचे हौद : खत दोन महिन्यांत झालं, परवानगीला नऊ महिने लागले

मागच्या काही महिन्यांत मला निदान दहा जणींनी तरी विचारलं असेल की तुमच्या सोसायटीत ते कंपोस्ट कसं काय जमवलं, आमच्याकडे कुणी ऐकतच नाही. दरवेळी फोनवर अर्धा तास सांगते, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. आधीच सांगते, खत करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. माझे नऊ महिने गेले ते परवानगी मिळवण्यात, आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

आमची सोसायटी पुण्यात, ३६ फ्लॅट. मला हे का करायचं होतं तर माझी आत्या फुरसुंगीला राहते. पुण्याचा उरुळी देवाचीचा कचरा डेपो तिच्यापासून लांब नाही. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा वारा फिरला की जेवताना खिडक्या लावून घ्यायला लागायच्या, नंतर तर विहिरीचं पाणी पण प्यायचं बंद झालं. तिथल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की पुण्यात दोन दिवस कचरा साठायचा आणि लोक त्या गाववाल्यांनाच नावं ठेवायचे, ते मला फार लागायचं. भाजीची देठं आणि उरलेला भात आपल्याच आवारात जिरवता येत असेल तर तो आत्याच्या दारात का पाठवायचा, एवढंच माझं म्हणणं होतं.

मार्चमध्ये मी चेअरमन काकांना जाऊन भेटले. पार्किंगच्या मागे एक मोकळा कोपरा आहे, तिथे विटांचे दोन हौद बांधायचे, खर्च साधारण अठरा हजार, बघायचं सगळं मी बघीन. काका हो म्हणाले, कमिटीत घेतो म्हणाले. एप्रिलची कमिटी मिटिंग झाली, विषय निघालाच नाही. मे मध्ये सेक्रेटरी गावी. जूनमध्ये म्हणे पावसाळ्यात कशाला, वास सुटेल, उंदीर होतील. जुलैमध्ये कुणीतरी म्हणालं की तो कोपरा ईशान्येचा आहे, तिथे कचरा नको. मी म्हटलं ठीक आहे, दुसरा कोपरा घेऊ, पंपरूमच्या शेजारचा. तर म्हणे हा जागेचा विषय आहे, कमिटी एकटी ठरवू शकत नाही, जनरल बॉडीपुढे, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेपुढे जायला पाहिजे. हे मार्चमध्ये सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

बरं, एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून मी वाट बघत बसले. नोटीस आली, विषयपत्रिकेत कंपोस्टचं नावच नाही! विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, तुमचा लेखी अर्ज कुठंय? सहा महिने तोंडी बोलतेय, व्हॉट्सॲपवर फोटो टाकलेत, सगळ्यांनी अंगठे दाखवलेत, पण कागद नाही म्हणून विषय नाही. सभेत ऐनवेळी मांडायला गेले तर नोटिशीत नसलेल्या विषयावर ठराव करता येणार नाही म्हणून गप्प बसवलं. त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच. (तुम्ही पहिल्याच दिवशी अर्ज द्या, दोन प्रती करा आणि एकीवर सही, शिक्का, तारीख घ्या. ओळखीचे आहेत, रोज लिफ्टमध्ये भेटतात, कशाला कागद, असं मनातसुद्धा आणू नका.)

मग मी एक केलं, जे मार्चमध्येच करायला हवं होतं. सोसायटीचे उपविधी, म्हणजे ते बायलॉजचं पुस्तक, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात सापडलं की एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कमिटीला एक महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. ३६ चा पाचवा हिस्सा ७.२, म्हणजे ८ सह्या. मी दोन संध्याकाळी फिरून नऊ सह्या आणल्या आणि ऑक्टोबरमध्ये मागणीपत्र दिलं. चार दिवसांनी परत आलं. नऊपैकी दोन सह्या भाडेकरूंच्या होत्या आणि एक सही ज्या वहिनींची, त्यांचा फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर. सभासद नाहीत, सही चालणार नाही, राहिल्या सहा. वाईट याचं वाटलं की या तिघीच सगळ्यात उत्साहाने ओला-सुका वेगळा करणाऱ्या होत्या, आणि त्यांच्याच सहीला किंमत नाही. पण नियम म्हणून ते बरोबर होतं, त्यावर भांडून उपयोग नव्हता. तेव्हा सह्या घ्यायच्या आधी सभासद यादी बघा, कुणाच्या नावावर फ्लॅट आहे ते बघा आणि आठ लागत असतील तर बारा घ्या. दुसऱ्यांदा मी तेरा नेल्या.

सभा लागली डिसेंबरमधल्या एका रविवारी सकाळी दहाला. आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. कोरम म्हणजे सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी, आमच्या उपविधींत ती दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातलं जे कमी असेल ते. आमचे दोन तृतीयांश २४ होतात, म्हणजे २० लागणार. नेहमीच्या एजीएमला कोरम नसला तर सभा तहकूब करून नंतर घेतात, ते सगळ्यांना माहीत असतं. पण सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला अर्ध्या तासात कोरम भरला नाही तर ती तहकूब होत नाही, रद्दच होते. परत पहिल्यापासून सह्या, परत महिना. हे मला आदल्या रात्री पुस्तक चाळताना कळलं आणि पोटात गोळा आला.

दहा वाजता अकरा जण. सव्वादहाला सोळा. वीस मिनिटं झाली तेव्हा अठरा. चेअरमन काका टेबलावर घड्याळ ठेवून बसलेले. मी जिन्याने पळत वर गेले, एकेक बेल वाजवत सुटले, कुणी अंघोळीला, कुणी मुलाला क्लासला सोडायला गेलेलं, एक जण तर दार न उघडताच आतून म्हणाले की मी कशातच पडत नाही. पहिल्या मजल्यावरचे एक काका बनियनवर शर्ट चढवत आले, झाले एकोणीस. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे गेले. फ्लॅट त्यांच्याच नावावर आहे. गुडघ्यांनी बेजार, त्यात त्या दिवशी लिफ्ट बंद. मला विचारायलाच नको वाटत होतं. त्यांनीच विचारलं, किती कमी आहेत ग? म्हटलं, एक. त्यांनी काठी घेतली, दुसऱ्या हाताने कठडा धरला आणि एकेक पायरी करत खाली आल्या. दहा अठ्ठावीसला हजेरीपटावर सही. ती सही करताना त्यांचा हात थरथरत होता आणि माझे डोळे भरून आले होते.

ठराव १४ विरुद्ध ४ ने पास झाला, दोघं तटस्थ.

सभेत काय कामी आलं ते सांगते. आदल्या आठवड्यात मी पाच जणांना, त्यात विरोध करणारे तिघं, गल्लीपलीकडच्या सोसायटीत नेऊन तिथला चालू हौद दाखवला. झाकण उघडून वाकून वास घ्या म्हटलं. पावसानंतरच्या मातीचा वास येतो, दुसरा काही नाही. तिघांपैकी दोघांनी बाजूने मत दिलं. आणि दुसरं, मी आठ दिवस आमच्या बिल्डिंगचा ओला कचरा वजन करून लिहून ठेवला होता, रोजचा १८ ते २२ किलो. आकडा वाचून दाखवल्यावर लोक गप्प झाले. एकाने विचारलं की रोज १०० किलोवाल्यांनाच सक्ती आहे ना, आपण का करायचं? २०१६ च्या घनकचरा नियमांत १०० किलोच्या वरच्यांना मोठे कचरा निर्माते म्हटलं होतं हे खरं, पण ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत कचरा वेगळा करणं प्रत्येक घराला लागू होतं, हे पण त्याच नियमांत होतं. गांडूळ खताचा प्रकल्प असेल तर पुण्यात मिळकतकरात सवलत मिळते हे पण सांगितलं, मात्र प्रकल्प नुसता बांधून चालत नाही, चालू असावा लागतो.

पुढचं सगळं सुरळीत झालं. जानेवारीत गवंड्याने चार बाय चार फुटांचे, तीन फूट उंच दोन हौद बांधले, विटांमध्ये फटी ठेवून, म्हणजे हवा खेळते. तळाला करवंट्या आणि काटक्या, मग एक थर ओला कचरा, एक थर वाळलेला पाला, सुरुवातीला आंबट ताक शिंपडलं, बस. एक भरायला दीड-दोन महिने लागतात, तोवर दुसरा मुरतो.

वास येतो तो ओलं जास्त आणि पाला कमी झाला तरच. हे मला आमच्या कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी शिकवलं, पुस्तकाने नाही. त्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या आहेत, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ला सुरू झाली तेव्हापासून त्यांची आई त्यात होती. हौद हलवायचं काम आम्ही त्यांनाच दिलंय, त्याचे महिन्याचे वेगळे पैसे देतो, ते द्यायलाच हवेत, फुकट करून घेऊ नका. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की लोक किंचाळतात, त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, काही करत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. वरून पाला टाकायचा आणि झाकायचं. शहाळी टाकू नका, वर्षभर तशीच राहतात. आणि पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये पोत्यांत भरून ठेवा, तेव्हा लोक झाडून जाळतात, पावसाळ्यात शोधून मिळत नाही. आम्ही सोळा पोती भरली होती, ऑगस्टमध्येच संपली, यंदा तीस भरणार.

डायपर आणि पॅड कुणीतरी ओल्यात टाकायचं, सुरुवातीचे तीन आठवडे. ताईंना ते हाताने काढायला लागायचं. मग मी घरोघरी जाऊन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला सांगितलं, पुण्यात ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आता एकच घर ऐकत नाही, त्यांच्याकडे दर रविवारी जाते.

हो, एक राहिलंच. सभा झाली की इतिवृत्ताची प्रत मागून घ्या आणि वाचा. आमच्या कच्च्या इतिवृत्तात "कंपोस्टबाबत चर्चा झाली" एवढंच लिहिलं होतं! मी आठ दिवसांत लेखी हरकत घेतली, मग जागा, खर्च, मतांचे आकडे सगळं घातलं. ती प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे माझ्याकडे, कुणाला नमुना हवा असेल तर मागा, मागणीपत्राचा मसुदा पण देते, तेरा सह्यांसाठी रकाने आखलेले आहेत.