सॅटेलाइट आणि सप्तमी

मोबाईलच्या नेहमीच्या मॅपवर समुद्र म्हणजे नुसता निळा रंग, तिथे बघण्यासारखं काहीच नसतं. नॉटिकल चार्ट, म्हणजे बोटी चालवणाऱ्यांचा समुद्राचा नकाशा, उघडला की सगळं उलटं. जमीन पिवळसर आणि जवळजवळ रिकामी, एखादा दीपस्तंभ, देवळाचा कळस, लांबून ओळखू येणारी टेकडी, बास, आणि पाण्यात मात्र खोलीचे आकडेच आकडे. एखाद्या आकड्याखाली रेघ असते, म्हणजे ती जागा मोठ्या ओहोटीला तेवढे मीटर उघडी पडते. (आपले हे चार्ट बनतात नौदलाच्या देहरादूनच्या ऑफिसात. समुद्र कुठे, देहरादून कुठे, पण असो.)

आता हे सगळं टॅबवर आलंय. ओपनसीपीएन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात चार्टवर आपली बोट सरकताना दिसते आणि सोबत सॅटेलाइट फोटोही टाकता येतो. फिजीकडे शिडाच्या बोटी घेऊन हिंडणाऱ्यांना हे फोटो लागतातच, कारण तिथले काही सर्व्हे जीपीएसच्या कितीतरी आधीचे, चार्टवरचं प्रवाळ एकीकडे आणि खरं भलतीकडेच. पाणी नितळ, त्यामुळे खोल कुठे, उथळ कुठे ते रंगावरूनच कळतं. आणि चार्टमध्ये असून दिसलं नाही असंही होतं, 2014 मध्ये व्होल्वो ओशन रेस या जगाला वळसा घालणाऱ्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतली टीम वेस्टासची बोट मॉरिशसच्या पलीकडे रात्री थेट प्रवाळावर चढली, ते प्रवाळ चार्टमध्ये होतं, पण नीट झूम केलं तरच दिसणारं. माणसं वाचली हे नशीब.

आपल्याकडे मात्र रंगाचा उपयोग शून्य. बाणकोटच्या खाडीचं तोंड फोटोत बघा, सावित्रीचं पाणी चहासारखं, खाली एक मीटर आहे का दहा, काही कळत नाही. शिवाय वाळूचा दांडा पावसाळ्यात सरकतो, त्यामुळे चार्टवरच्या आकड्यांवरही किती विश्वास ठेवायचा हा प्रश्नच. मग एकच उपाय, ओहोटीचा फोटो शोधायचा, ज्यात वाळू उघडी पडलेली दिसेल, नाहीतर निदान फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ तरी.

सेंटिनेल-2 या युरोपच्या सॅटेलाइटचे फोटो फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एक, त्यात दहा मीटरचा एक ठिपका, दांडा ओळखायला पुष्कळ झालं. पण हा सॅटेलाइट आपल्यावरून जातो नेहमी सकाळी अकराच्या आसपास, आणि इथे मला भिंतीवरचं कॅलेंडर काढावं लागतं! कोकणातला जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सॅटेलाइट येतो तेव्हा खाडी तुडुंब, दांडा पाण्याखाली, फोटो बाद. सप्तमीला भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या सुमाराला, हा फोटो कामाचा. तेव्हा शुद्ध-वद्य षष्ठी-सप्तमीच्या जवळपासच्या तारखा काढायच्या, त्यातल्या ढग नसलेल्या ठेवायच्या, आणि पाऊस संपल्यानंतरचा पहिला फोटो सगळ्यात आधी बघायचा.

फक्त सप्तमी म्हणजे भांगाचे दिवस, पाणी फारसं उतरतच नाही. उधाणाची खरी मोठी ओहोटी, जिच्यात अख्खा दांडा उघडा पडतो, ती येते पहाटे नाहीतर संध्याकाळी, आणि त्या वेळेला हा सॅटेलाइट इकडे कधी फिरकतच नाही. तेवढं बघायला तांडेलालाच, म्हणजे होडीच्या कप्तानालाच, विचारावं लागतं.