नहपानाचे नाणे आणि सहावीचा वर्ग

विद्यार्थ्यांची ‘पाहून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’ आणि ‘करून शिकणारे’ अशी विभागणी शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही हमखास सांगितली जाते. सगळी मुले एकसारखी शिकत नाहीत, हे खरेच आहे. परंतु मुलावर असा शिक्का मारून त्याला त्याच एका पद्धतीने शिकवल्यास ते अधिक शिकते, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यातून निघाला. प्राचीन इतिहास शिकवताना पद्धत मुलावरून नव्हे, तर साधनावरून ठरवावी, असे माझे ठाम मत आहे.

सातवाहनांचेच उदाहरण घेते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. हे वाक्य मुले पाठ करतात आणि विसरतात. म्हणून मी शाडूच्या मातीच्या चकत्या देते. आधी चेहऱ्याचा ठसा उमटवायचा आणि माती न पुसता त्यावरच तीन कमानींच्या टेकडीचा ठसा दाबायचा. टेकडीच्या कडेला नाकाचा शेंडा, केसांची एखादी रेघ शिल्लक राहते. ‘मग नाणी वितळवून नवीन का नाही पाडली?’ हा प्रश्न बहुधा अशा मुलाकडून येतो, ज्याची वही एरवी कोरी असते.

त्यानंतर नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा प्राकृत लेख मी मोठ्याने वाचून दाखवते. ‘खखरातवंस निरवसेसकर’, म्हणजे नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा, हे गौतमीपुत्राचे बिरुद मुले लगेच तालात म्हणू लागतात. लेख मुलाच्या मृत्यूनंतर आईने कोरवून घेतला आहे, हे कळल्यावर मात्र वर्गात खरी चर्चा सुरू होते, कारण आई मुलाचे कौतुक करणारच, मग तिच्या शब्दांवर किती विसंबायचे? त्या वेळी मातीच्या चकत्या पुन्हा हातात येतात. चकती बनवण्यात रमलेल्याला आता लेखाचा शब्द हवा असतो आणि लेख ऐकून भारावलेल्याला नाण्याची साक्ष.

परीक्षेत मात्र गुण अजूनही केवळ लेखी उत्तराला मिळतात. त्यातील निदान काही गुण ठशाचे छायाचित्र समोर ठेवून तोंडी स्पष्टीकरण देण्यासाठी राखून ठेवावेत, अशी मागणी मी शाळेकडे केली आहे.